दोन पोलिस आणि मुद्देमालाचं खोकं

नमस्कार मंडळी. लाइट लावले ते बरं केलं. मागच्या रांगेतले काहीजण थेट चहाच्या वेळेला आलेत हे मला इथून दिसतंय, त्यांच्यासाठी मला अधूनमधून गोष्ट सांगावी लागणार, तेव्हा ज्यांनी सव्वादोन तास बसून सबटायटल्स वाचत पूर्ण पिक्चर बघितलाय त्यांनी जरा सांभाळून घ्या.

मला फोन आला तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. म्हटलं अहो मी सिनेमातली कोणी नाही, मी स्टेनो. २९ वर्षं सेशन कोर्टात जज्जसाहेबांच्या खालच्या टेबलाशी बसून साक्षी टाइप केल्या, आधी टाइपरायटरवर, नंतर कॉम्प्युटरवर. तर ते म्हणाले म्हणूनच तुम्ही बोला, फ्रेम आणि कॅमेऱ्यावर बोलणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत. मग मी पुन्हा बघितला, आजचा धरून चौथ्यांदा. जे बोलणार आहे ते कोर्टातल्या बाईचं बोलणं आहे, फिल्म इन्स्टिट्यूटमधलं नाही, हे आधीच सांगून ठेवते.

तर 'मेमरीज ऑफ मर्डर', २००३ सालचा कोरियन सिनेमा. दिग्दर्शक बोंग जून-हो, म्हणजे 'पॅरासाइट'वाला, ज्याला २०२० मध्ये ऑस्कर मिळालं. हा त्याचा दुसराच सिनेमा, पहिला चालला नव्हता. हा मात्र त्या वर्षी कोरियात पन्नास लाखांवर लोकांनी थिएटरात जाऊन बघितला. गोष्ट खरी आहे. सोलच्या दक्षिणेला ग्यंगी प्रांतात ह्वासाँग म्हणून तालुक्यासारखा भाग, तेव्हा सगळी भातशेती. तिथे १९८६ च्या सप्टेंबरपासून १९९१ च्या एप्रिलपर्यंत दहा बायकांचे खून झाले, सगळ्यात लहान १३ वर्षांची, सगळ्यात मोठी ७१ वर्षांची आजी. २००३ साली सिनेमा आला तेव्हा खुनी सापडलेला नव्हता. आणि तुम्ही पडद्यावर बघितलंत की सिनेमातही सापडत नाही. हे धाडस बघा, पोलिसांचा थ्रिलर आणि शेवटी चोर सापडतच नाही, आपल्याकडे लोकांनी पैसे परत मागितले असते.

आता त्या दोन पोलिसांबद्दल. तापट-थंड अशी जोडी तुम्ही शंभर पिक्चरमध्ये बघितली असेल. एक गावरान, हात चालवणारा, एक शहरातून आलेला, शिकलेला, सुरुवातीला दोघांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य, इंटरव्हलनंतर एकमेकांची किंमत कळते आणि शेवटी याचा अनुभव अधिक त्याची बुद्धी बरोबर व्हिलन अटकेत. हा हिशोब आपल्या डोक्यात इतका पक्का बसलाय की आपण सिनेमाभर त्याचीच वाट बघत राहतो. बोंग जून-हो आपल्याला तेवढ्यासाठीच तिथे बसवतो आणि हिशोब चुकवतो.

गावातला पोलिस पार्क डू-मान, ते काम सोंग कांग-होने केलंय, हा माणूस नुसता चालला तरी मला हसू येतं आणि पुढच्या सीनला त्याचीच कीव येते. पार्कचं म्हणणं एकच, मी माणसाच्या डोळ्यात बघून सांगतो गुन्हेगार कोण. त्याचा साहेब त्याची परीक्षा घेतो, आठवा तो सीन, चौकीत दोन पोरं बसलीयेत, एक बलात्कारातला आरोपी आणि एक त्या मुलीचा भाऊ ज्याने आरोपीला पकडून आणलाय, सांग बघू कोणता कोण. पार्क बघत राहतो, कॅमेरा बघत राहतो, आणि सीन तिथेच कापलाय. उत्तर देतच नाही.

दुसरा सो ते-युन, सोलहून स्वतः मागून बदली घेऊन आलेला. त्याचं म्हणणं, कागद खोटं बोलत नाही. दोघांची पहिली भेट म्हणजे, रस्त्यात सो एका बाईला पत्ता विचारायला जातो, बाई घाबरते, पडते, आणि पार्क लांबून धावत येऊन हाच तो खुनी समजून त्याला लाथ घालतो! डोळ्यात बघून ओळखणाऱ्या माणसाने पहिल्याच झटक्यात पोलिसालाच खुनी ठरवलं. आपण हसतो, आणि तिथूनच आपण सोच्या पार्टीत जातो. मीसुद्धा गेले होते. कारण सो फाइल वाचून सांगतो की खून पावसाच्या रात्री होतात, बायकांच्या अंगावर लाल कपडे असतात, आणि जी बाई नुसती बेपत्ता म्हणून नोंदवलीये ती मेलेली असणार, शोधा. शोधतात आणि प्रेत सापडतं. आता कोर्टातल्या बाईला असा ऑफिसर दिसला की तिचा जीव भांड्यात पडतो, कारण आमच्याकडे फाइल वाचून आलेला तपास अधिकारी म्हणजे, जाऊ दे, माझी पेन्शन चालू आहे.

(हशा)

पण पहिल्या दहा मिनिटांतला तो शेतातला सीन विसरू नका. प्रेत सापडलंय, बांधावर गर्दी, पोरं खेळतायत, मातीत एक पायाचा ठसा आहे तो वाचवायला पार्क ओरडतोय, आणि समोरून ट्रॅक्टर येतो आणि त्या ठशावरून निघून जातो. फॉरेन्सिकचा माणूस उतारावरून घसरून पडतो, मग साहेब पडतो. एकही कट नाही, कॅमेरा नुसता पार्कच्या मागेमागे फिरतोय. लोक हसत होते आत्ता, मीही हसले. पण मी किती पंचनामे टाइप केलेत, 'घटनास्थळ सुस्थितीत जतन करून' असं त्यात लिहिलेलं असतं, आणि उलटतपासणीत वकील विचारतो, साहेब तुम्ही पोचलात तेव्हा तिथे किती लोक होते, की साहेब म्हणतात शंभर-दीडशे. ते शंभर-दीडशे लोक ठशावरूनच उभे असणार ना.

आता ग्वांग-हो. या सिनेमातला माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा माणूस तो आहे, खुनी नाही. चेहरा भाजलेला, बुद्धीने थोडा मागे असलेला पोरगा, बापाचं छोटं हॉटेल. तो मेलेल्या मुलीच्या मागे मागे फिरायचा एवढ्यावरून पार्क त्याला उचलतो. तळघरात नेतात, पार्कचा जोडीदार चो बुटावर कापडी कव्हर चढवून लाथा घालतो म्हणजे वळ उठायला नकोत. पार्क पोराच्या बुटाने मातीत खोटा ठसा तयार करतो. आणि मग त्यालाच नवे बूट आणून देतो, नायकीचे नाहीत, 'नाइस' लिहिलेले नकली, आणि सगळे मिळून काळ्या सॉसच्या नूडल्स खातात आणि टीव्हीवर पोलिसांची सीरियल बघतात, मारणारे आणि मार खाल्लेला एकाच ताटावर. हा सीन बघताना मला कसंतरीच होतं. कारण मारणाऱ्याला आपण वाईट वागलो असं वाटतच नाहीये, त्याच्या लेखी हे कामाचे तास आहेत आणि आता जेवणाची सुट्टी झालीये.

आणि मग ग्वांग-हो बोलतो. टेपरेकॉर्डर चालू आहे. तो सांगतो मुलीचा गळा कशाने आवळला, कसं केलं, डोक्यावर काय घातलं. सगळं बरोबर, बाहेर कुणालाही माहीत नसलेलं. पोलिस खूश, गुन्हा कबूल.

बऱ्याच उशिरा सोच्या लक्षात येतं आणि तो टेप परत ऐकतो. हा पोरगा 'मी केलं' म्हणत नाहीये. तो बघितलेलं सांगतोय. त्याने खून होताना पाहिलाय. म्हणजे अख्ख्या केसमधला एकुलता एक डोळ्याने पाहणारा साक्षीदार त्यांच्या हातात होता, आणि त्यांनी त्याला आरोपी करून इतका मारला की नंतर खरं विचारायला गेले तेव्हा तो पोलिसांना बघूनच पळाला आणि रेल्वेखाली गेला.

मंडळी, मी जेव्हा पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मी पॉज केलं आणि पाणी प्यायला उठले. कारण आमचं सगळं काम या एका फरकावर उभं आहे, आरोपीचा जबाब आणि साक्षीदाराचा जबाब. वाक्यं तीच असतात, फक्त वर शीर्षक काय टाकलंय त्यावर माणूस कुठल्या बाजूला उभा राहणार ते ठरतं. ग्वांग-हो तेच शब्द साक्षीदार म्हणून बोलला असता तर त्याला कोणी चहा पाजला असता.

आपल्याकडे एक गोष्ट आहे, इथे वकील मंडळी बसलीयेत त्यांना माहितीये, १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम २५. पोलिसापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. इंग्रजांनी लिहिलं होतं ते, आणि का लिहिलं असेल याचा विचार करा, म्हणजे तेव्हाही काय चालायचं ते त्यांना माहीत होतंच. आता कायदा बदलला, नंबर बदलला, पण तत्त्व तेच ठेवलंय. मग काय करतात, आरोपी म्हणतो 'हत्यार कुठे टाकलं ते दाखवतो' आणि मेमोरँडम पंचनामा होतो, तेवढा भाग चालतो, आणि दोन पंच सही करतात, आणि दोन वर्षांनी साक्षीला उभे राहिले की फितूर. हे मी शेकड्यांनी टाइप केलंय. या सिनेमातल्या पोलिसांच्या लेखी कबुली म्हणजे केस संपली. सिनेमात बघा ना, ग्वांग-होला टेकडीवर नेऊन पत्रकारांसमोर खून कसा केला त्याचं नाटक करून दाखवायला लावतात, कॅमेरे तयार, आणि त्याचा बाप गर्दीतून ओरडतोय.

थोडं त्या काळाबद्दल सांगते, कारण त्याशिवाय काही गोष्टी नुसत्या योगायोग वाटतात. १९८६ म्हणजे तिथे चून डू-ह्वानची लष्करी राजवट. १९८६ ला सोलमध्ये एशियाड, १९८८ ला ऑलिम्पिक, म्हणजे जगाला चकाचक देश दाखवायचा होता, आणि रस्त्यावर विद्यार्थी आणि कामगार दगड घेऊन उभे. १९८७ च्या जानेवारीत एक विद्यार्थी पोलिसांच्या चौकशीत छळाने मेला, जूनमध्ये लाखो लोक रस्त्यावर आले, मग सरकारला निवडणुकीचं कबूल करावं लागलं. आता सिनेमात एक रात्र आहे, पाऊस येणार हे पोलिसांना माहितीये, आज खून होणार हे त्यांना जवळजवळ कळलंय, साहेब फोन करून फोर्स मागतो की गावाला वेढा घालू. उत्तर येतं माणसं नाहीत, सगळी मोर्चा आवरायला सुवॉनला गेलीयेत. आणि त्याच रात्री खून.

आणि दुसरा सीन, ब्लॅकआउटची ड्रिल. युद्धाची तयारी म्हणून सायरन वाजतो आणि गाव घरोघरी दिवे विझवतं, शटर ओढतं, सरकारी हुकूम. त्या अंधारात शाळकरी मुलगी एकटी चाललीये. बोंग यावर एक शब्द बोलत नाही, फक्त दिवे एकेक करून जाताना दाखवतो. सरकारने स्वतःच्या हाताने अंधार केला. मला वाटतं खुनी कोण हे सिनेमा सांगत नाही असं म्हणणाऱ्यांनी हा सीन नीट बघावा, अर्थात मी स्टेनो, मला असं मोठं बोलायचा अधिकार नाही, पण बोलले.

त्या टीममध्ये एक बाई पोलिसही आहे, क्वॉन. चहा आणायला आणि रात्री लाल कपडे घालून आमिष म्हणून उभी करायला. रेडिओवर खुनाच्या प्रत्येक रात्री एकच गाणं फर्माइशीत लागतं हे तिने पकडलं, सो ते-युननेही नाही आणि पार्कने तर नाहीच नाही. आणि कोणीतरी तिचं अभिनंदन करतं का? नाही. मी २९ वर्षं नोकरी केलीये, मला यावर जास्त बोलायची गरज नाही.

पार्कची एक थिअरी मात्र सांगायलाच पाहिजे. प्रेतावर खुन्याचा एकही केस सापडत नाही, त्यावरून हा निष्कर्ष काढतो की खुन्याला केसच नसणार, आणि मग दिवसेंदिवस सार्वजनिक न्हाणीघरात जाऊन आंघोळ करणाऱ्या पुरुषांकडे बघत बसतो. त्यानंतर देवऋषी बाईकडे जाऊन मंतरलेला कागद आणतो, त्यावर खुन्याचा चेहरा उमटणार म्हणे. तुम्ही खूप हसलात. बोंगची गंमत अशी की सोचा कागद आणि पार्कचा कागद यांत शेवटी फार अंतर उरत नाही. तिकडेच येतेय.

गाण्याच्या फर्माइशीच्या पोस्टकार्डवरून ते आणखी एका संशयितापर्यंत पोचतात, पार्क ह्यन-ग्यू, कारखान्यातला तरुण कारकून, गोरा, शांत, हात मऊ. आणि एका वाचलेल्या बाईने सांगितलंय की त्या माणसाचे हात मऊ होते. इथून सो बदलायला लागतो. तो गाडीत बसून ह्यन-ग्यूवर पहारा ठेवतो आणि एका रात्री त्याला डुलकी लागते, आणि त्याच रात्री शाळकरी मुलगी मरते. त्या मुलीला त्याने आधी चौकशीच्या वेळी बँडेजची पट्टी लावून दिलेली असते, प्रेतावर तीच पट्टी दिसते. बस. कागदवाला माणूस तिथे संपला. तो ह्यन-ग्यूला खेचत रेल्वेच्या बोगद्यापाशी आणतो, धोधो पाऊस, पिस्तूल डोक्याला. आणि त्याला थांबवायला कोण येतो? पार्क. हातात अमेरिकेहून आलेला डीएनए रिपोर्ट घेऊन. दोघांनी जागा बदलल्या, हात चालवणारा कागद घेऊन आला आणि कागदवाला हातावर आला.

रिपोर्ट इंग्रजीत आहे. जुळत नाही असं लिहिलंय, खात्रीने सांगता येत नाही. सो म्हणतो हा कागद खोटा आहे, मला गरज नाही त्याची. आमच्याकडे सीए रिपोर्ट यायचा, केमिकल अॅनलायझरचा, आणि कपड्यावरच्या रक्ताच्या रकान्यापुढे 'इनकन्क्लुझिव्ह' लिहिलेलं असायचं. ते वाचताना सरकारी वकिलाचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. चौदा महिने थांबून तेवढा एक शब्द! सोच्या तोंडावर तो चेहरा आहे, फक्त आमच्या वकिलांकडे पिस्तूल नसायचं हे नशीब.

आणि मग पार्क त्या पोराचे गाल दोन्ही हातांनी धरतो, त्याच्या डोळ्यांत बघतो, बघतच राहतो, आणि म्हणतो मला काही कळत नाही. माणूस आयुष्यभर ज्या एका गोष्टीच्या जिवावर जगला ती गेली. आणि मग एकदम विचारतो, जेवतोस ना वेळेवर? हे वाक्य पटकथेत नव्हतं, सोंग कांग-होने शूटिंगच्या वेळी स्वतःच्या मनाने घातलं, आणि कोरियात ते म्हणीसारखं झालंय. इंग्रजी समीक्षकांना ते समजावून सांगायला परिच्छेद लागतात. आपल्याला लागत नाहीत, आपल्याकडे भांडून आलेल्या पोरालासुद्धा आधी 'जेवलास का' विचारतात. पण इथे ते माया आहे का, शिवी आहे का, की तू असं करूनसुद्धा तुला घास गिळतो कसा असं आहे? मी प्रत्येक वेळी वेगळं ऐकलंय.

नावाबद्दल एक सांगायचं राहिलं. कोरियन नावात जो शब्द आहे, 'चुओक', तो नुसती आठवण नाही, तो गोड आठवणींसाठी वापरतात, शाळेच्या आठवणी, माहेरच्या आठवणी अशा अर्थाने. म्हणजे खुनाच्या रम्य आठवणी! मग शेवटी, बऱ्याच वर्षांनी प्रेत सापडलेल्या नाल्यापाशी परत आलेल्या पार्कला जी लहान मुलगी सांगते की थोड्या दिवसांपूर्वी अजून एक काका येऊन त्या नाल्यात वाकून बघत होते, पूर्वी इथे काहीतरी केलं होतं ते आठवलं म्हणाले, तेव्हा तो शब्द अंगावर येतो.

बरं, आता सिनेमाच्या बाहेरचं. ज्याच्यासाठी मी खरं तर आले.

२०१९ चा सप्टेंबर. बोंग जून-होला मे महिन्यात कान फिल्म फेस्टिव्हलमध्ये मोठं पारितोषिक मिळालेलं, ऑस्कर अजून व्हायचंय, आणि मध्येच कोरियन पोलिस जाहीर करतात की ह्वासाँगचा खुनी सापडला. कुठे सापडला? तुरुंगात! १९९४ पासून तो कैदेत होता, बुसानच्या जेलमध्ये जन्मठेप भोगत होता, बायकोच्या बहिणीच्या खुनासाठी. त्याने मग १४ खून कबूल केले, ह्वासाँगचे दहा आणि वर चार. त्याचं नाव नेटवर एका मिनिटात मिळेल, मला ते इथे घ्यावंसं वाटत नाही.

आता ऐका. त्या काळात पोलिसांनी वीस लाखांवर मनुष्यदिवस त्या तपासात घातले, २१ हजारांवर लोकांची चौकशी केली. या माणसालाही विचारपूस झाली होती, तो त्याच भागातला. मग सुटला कसा? पोलिसांनी घटनास्थळच्या नमुन्यावरून ठरवलं होतं की खुनी बी रक्तगटाचा आहे. हा ओ. म्हणजे कागदाने त्याला सोडवलं. म्हणून मी म्हणते, सिनेमा बघताना आपण सोच्या पार्टीत जातो ना, की शिकलेला, शास्त्रीय माणूस असता तर पकडला असता, तर नाही, सोच्या समोर हा माणूस आला असता तर सो तो रक्तगट बघून 'जा' म्हणाला असता. आणि पार्कने डोळ्यात बघून सोडलं असतं किंवा दुसऱ्या कोणाला तरी मारलं असतं. दोघांची बेरीज करूनही तो सापडला नसता.

आणि त्याहून वाईट, आठवा खून. १९८८, १३ वर्षांची मुलगी, घरात. हा खून बाकीच्यांसारखा नाही, कोणीतरी नक्कल केलीये असं ठरलं, आणि १९८९ मध्ये २२ वर्षांचा एक मुलगा पकडला, लहानपणी पोलिओ होऊन पायाने अधू झालेला. तो भिंत चढून आत गेला असं आरोपपत्र. तीन दिवस झोपू दिलं नाही, उठाबशा काढायला लावल्या, कबुली. इथपर्यंत पार्क आणि चो झाले. पण एवढंच नाही, सोबत विज्ञानही होतं, घटनास्थळी मिळालेल्या केसाची किरणोत्सारी तपासणी केल्याचा सरकारी प्रयोगशाळेचा अहवाल, की हा केस त्याचाच. इतकं नवं तंत्र, कोर्टाने मान तुकवली. जन्मठेप. २००९ मध्ये पॅरोलवर सुटला तोपर्यंत जवळपास वीस वर्षं गेली होती. २०१९ मध्ये जेलमधल्या त्या माणसाने सांगितलं की आठवा खूनही माझाच, तेव्हा फेरसुनावणी लागली, आणि सरकारी वकिलांच्या तपासात निघालं की प्रयोगशाळेचा तो अहवाल फिरवलेला होता. १७ डिसेंबर २०२० ला सुवॉनच्या कोर्टाने त्याला निर्दोष सोडलं आणि जज्जनी कोर्टाच्या वतीने माफी मागितली.

म्हणजे बघा, लाथ आणि लेटरहेड एकत्र आले. सिनेमातली विळ्या-भोपळ्याची जोडी प्रत्यक्षात जमली, अगदी छान जमली, आणि त्यांनी मिळून एका निरपराध पोराचं तारुण्य खाल्लं.

मग पकडलं कशाने? मुद्देमालाने. मरण पावलेल्या बायकांचे कपडे पोलिसांनी ठेवून दिले होते. कोरियात तेव्हा खुनाच्या गुन्ह्यालाही १५ वर्षांची मुदत होती, शेवटच्या खुनाची मुदत २००६ च्या एप्रिलमध्ये संपली, म्हणजे उद्या खुनी स्वतः चौकीत आला असता तरी खटला चालला नसता. ती मुदत त्यांनी २०१५ मध्ये काढून टाकली, पण जुन्या संपलेल्या केसेसना उपयोग नाही. आपल्याकडे खुनाला मुदत नाही, ही एक बरी गोष्ट. तर कायद्याने ज्या केसमध्ये काहीच उरलं नव्हतं त्या केसचं खोकं कोणीतरी टाकून दिलं नाही. २०१९ मध्ये ते कपडे पुन्हा डीएनएसाठी पाठवले, दुसरीकडे २०१० पासून कायद्याने कैद्यांचे डीएनए नमुने घेऊन ठेवत होते, आणि दोन्ही जुळले.

इथे मला माझं सांगावंसं वाटतं. निकालपत्राच्या शेवटी एक वाक्य असतं, आमच्या सगळ्या स्टेनोंना झोपेत येतं ते, 'मुद्देमाल मूल्यहीन असल्याने अपील मुदतीनंतर नष्ट करण्यात यावा.' मी ते हजारदा टाइप केलं असेल. आरोपी निर्दोष सुटलेल्या केसमध्येसुद्धा तेच वाक्य, म्हणजे खून झालाय, याने केला नाही असं कोर्ट म्हणतंय, म्हणजे ज्याने केला तो बाहेर आहे, आणि त्याचा एकमेव माग जो आहे, लाखेचं सील आणि पंचांच्या सह्यांचं लेबल लावलेलं पुडकं, ते आपण जाळतो. कारण जागा नाही. आमच्याकडे मुद्देमालाच्या खोलीत पावसाळ्यात पाणी यायचं, उंदीर होते, तिथला कारकून, आता तो नाही, तो दर जूनला खालची पुडकी उचलून वरच्या फळीवर ठेवायचा आणि त्यावर प्लास्टिकचा कागद टाकायचा. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. आम्ही त्याला हसायचो, की अहो हे जाळायचंच आहे ना. तो म्हणायचा ऑर्डर येईपर्यंत माझ्याकडे आहे. कोरियातली बातमी वाचली तेव्हा मला तो आठवला, असाच कोणीतरी तिथेही असणार, त्याचं नाव कुठल्याच बातमीत आलं नाही.

प्रश्न? हां, ताई विचारतायत की तो खुनी हा सिनेमा बघितला का त्याने. बोंगने शेवटचा शॉट, पार्क सरळ कॅमेऱ्यात बघतो तो, त्या माणसासाठीच ठेवला होता, की तो थिएटरात बसला असेल तर दोघांची नजर भिडेल, असं त्याने नंतर मुलाखतीत सांगितलंय. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये त्या फेरसुनावणीत हा माणूस साक्षीदार म्हणून कोर्टात उभा राहिला. साक्षीदार म्हणून! शीर्षक बघा परत. तिथे त्याने सांगितलं की हो, जेलमध्ये पाहिला, नुसता पिक्चर म्हणून पाहिला, काही वाटलं नाही.

आणि मागे तुम्ही? तो चौकीतला सीन. त्या दोघांतला बलात्कारी कोणता. मी मघाशी म्हटलं ना, सांगितलेलंच नाही. नाही, सबटायटलमध्येही नाही, तुमचं काही सुटलं नाही. मी पहिल्या वेळी एकाकडे बोट दाखवलं होतं. दुसऱ्या वेळी दुसऱ्याकडे. आज मी खाली बघत होते.